सुचवण्यात आले

एकोणीस वर्षं मी या कंपनीची इतिवृत्तं लिहिते आहे.
सोमवार, सकाळी नऊ, चौदावा मजला.
खाली मास नदी, पलीकडे रॉटरडॅमच्या क्रेन
माना वाकवून दुसऱ्यांचं ओझं उचलणाऱ्या.
कॉफीबरोबर एक बिस्किट. एकच. डबा लगेच बंद.

इतिवृत्ताची भाषा मला पाठ आहे:
चर्चा झाली. नोंद घेण्यात आली. सुचवण्यात आले.
कुणी सुचवलं, त्या माणसाला
वाक्य गिळून टाकतं आणि ढेकरही देत नाही.

यंदा आम्ही विविधतेचा आठवडा साजरा केला.
लिफ्टच्या दारावर निल्झा तावारेसचा चेहरा चिकटवला,
दोन मीटर उंच, हसरा.
दार उघडलं की तो मधोमध दुभंगायचा
आणि आम्ही त्यातून आत शिरायचो, फाइली सावरत.

खरी निल्झा टेबलाच्या टोकाला बसते,
प्रोजेक्टरच्या घरघरणाऱ्या पंख्याशेजारी.
त्या सोमवारी ती म्हणाली,
कंटेनर बोटीवर चढण्याआधीच सीलचा फोटो घेऊ या,
विम्याचे निम्मे दावे तिथेच मिटतील.
माझे वडील गोदीत हेच करायचे, खडूने.
कुणीतरी कप ढवळला.
कुणीतरी म्हणालं, पुढचा विषय.

अकरा मिनिटांनी बास्तियान म्हणाला,
मला आत्ता एक सुचतंय, सीलचे फोटो घेतले तर?
खुर्च्या पुढे सरकल्या.
आमचे संचालक रुतगेर,
ऐकून घेण्याचा तीन दिवसांचा कोर्स केलेले,
जंगलात, डोळ्यांना पट्टी बांधून,
म्हणाले, वा! फेना, हे लिहून घे.

मी लिहून घेतलं.
सीलचे फोटो: निल्झा तावारेस, ९.१४.
तेच पुन्हा: बास्तियान, ९.२५.
का लिहिलं, सांगता येणार नाही.
बहुतेक त्या खडूमुळे.

शुक्रवारी रुतगेरनी दार लोटून घेतलं. आवाज मऊ.
फेना, आपण एक कुटुंब आहोत,
कुटुंबात कुणी घड्याळ लावून बसतं का?
आमच्याकडे आई बसायची, मी म्हणाले,
पाच भावंडं, एक बाथरूम.
ते हसले. खरंच हसले. माणूस वाईट नाही.
पुढच्या आठवड्यात इतिवृत्ताचा नवा नमुना आला,
नावांचा रकाना नसलेला.
वर ठळक अक्षरांत: श्रेय सर्वांचे.

मला वाटलं होतं, निल्झा येऊन काहीतरी बोलेल.
खोटं कशाला, आभार मानेल असंच वाटलं होतं.
आली. कॉफी मशीनपाशी, रांग नसताना.
म्हणाली, म्हणजे तुला ऐकू येत होतं.
हो, त्या दिवशी...
त्या दिवशी नाही. आधीही.
तीन वर्षं मी त्या पंख्याशी भांडत बोलते आहे,
मला वाटायचं, आवाजच पोचत नसेल.
कप घेऊन ती गेली. बिस्किट तिथेच राहिलं.

आज तळघरात जाऊन जुन्या वह्या काढल्या,
बैठकीत भरभर खरडलेल्या.
वहीत सगळे आहेत.
सेडनी आहेत, निवृत्तीला महिना उरलेला,
पूरनकाशे जुने झालेत म्हणून तिसऱ्यांदा बजावणारे.
गुल्शेन आहे: रात्री थांबणाऱ्यांना टॅक्सी द्या.
टॅक्सी मिळाली. मीही तिच्यातून घरी गेले आहे.
टाइप केलेल्या प्रतीत मात्र
दोघंही फक्त उपस्थित.

वहीतून प्रतीत जाताना वाटेत
ना रुतगेर होते, ना बास्तियान.
दुपारचे दोन वाजलेले असायचे, आणि मी,
आणि घरी वेळेवर जायची घाई.

पेन्सिलीने समासात नावं भरायला घेतली आहेत.
गुल्शेनपाशी अडले.
यादीत मी लिहून ठेवलंय, गुल्शेन वाय.
त्या वायच्या पुढे काय होतं,
ते सात वर्षांत विचारायचं राहिलं.